नॉर्मल अहवाल आणि न हटणारा थकवा

थायरॉइडच्या विकारावर रोज गोळी घेणाऱ्या, रक्ताचा अहवाल दर वेळी निर्दोष येणाऱ्या आणि तरीही थकवा, वाढते वजन, केसगळती, बद्धकोष्ठ, विसराळूपणा व मनाची मरगळ यांतून न सुटलेल्या रुग्णांचा प्रश्न वैद्यकापुढे अर्धशतकाहून अधिक काळ पडून आहे. युरोपीय थायरॉइड संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत अशा रुग्णांचे प्रमाण उपचार घेणाऱ्यांच्या ५ ते १० टक्के धरले आहे. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत १०.९५ टक्के लोकांना अवटुन्यूनता, म्हणजे अवटू अथवा थायरॉइड ग्रंथीच्या स्रावाची कमतरता, आढळली. ते प्रमाण लक्षात घेता, युरोपीय अंदाजाचा खालचा आकडा धरला तरी भारतातील अशा असमाधानी रुग्णांची संख्या किरकोळ ठरत नाही.

या प्रश्नावरच्या चर्चेत सुरुवातीलाच एक गफलत होते. ज्यांची ग्रंथी खरोखर निकामी झाली आहे, जे बाहेरून संप्रेरक घेतात आणि ज्यांचे आकडे त्यामुळे जागेवर आले आहेत, असे रुग्ण एका बाजूला असतात; ज्यांच्या ग्रंथीत कधीच दोष सापडला नाही, पण ज्यांची लक्षणे हुबेहूब थायरॉइडच्या रुग्णासारखी आहेत, असे लोक दुसऱ्या बाजूला. दोघांच्या हातातला अहवाल सारखा दिसतो आणि दोघांना मिळणारे उत्तरही बहुधा सारखेच असते. मात्र पहिल्यांच्या बाबतीत उपचार पुरेसा आहे का हा प्रश्न असतो, तर दुसऱ्यांच्या बाबतीत मुळात रोग कोणता हाच. एका गटावरच्या संशोधनाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या माथी मारल्यामुळे हा वाद जितका वाढला तितका पुढे सरकला नाही.

रक्तचाचणी निवाड्याच्या जागी कशी बसली, हे आधी पाहायला हवे. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने तीव्र अवटुन्यूनतेने सुजून मंदावलेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचण्यास सुरुवात केली. ती त्यानंतर २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. पुढे एडवर्ड केंडॉल याने अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले, चार्ल्स हॅरिंग्टनने १९२० च्या दशकात त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५२ मध्ये जॅक ग्रॉस व रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी रक्तातले दुसरे, अधिक प्रभावी संप्रेरक शोधून काढले. पहिल्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात म्हणून त्याला टी४ म्हणतात, दुसऱ्याच्या रेणूत तीन म्हणून टी३. या साऱ्या काळात औषधाची मात्रा मुख्यतः रुग्णाच्या अंगावरून ठरे: त्वचा किती कोरडी आहे, नाडी किती मंद आहे, आवाज किती घोगरा आहे आणि त्याला स्वतःला कसे वाटते यांवरून. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती प्राणवायू वापरते याचे मापन जोडीला असे, पण ते ढोबळ होते. परिणामी मात्रा मोठ्या असत. आज १०० मायक्रोग्रॅमवर असलेला रुग्ण त्या काळी २०० किंवा त्याहून अधिक घेत असे.

१९६० च्या दशकाच्या मध्यानंतर टीएसएच मोजण्याची तंत्रे आली आणि चित्र पालटले. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीने अवटू ग्रंथीला धाडलेले उत्तेजक संप्रेरक. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की ते चढते, जास्त झाले की उतरते. पुढच्या तंत्रांनी त्याचे अतिसूक्ष्म प्रमाणही टिपता येऊ लागले, तेव्हा जुन्या मात्रांवरचे कित्येक रुग्ण जरुरीपेक्षा जास्त औषध घेत असल्याचे उघड झाले. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी पिढ्यानुपिढ्या चाललेल्या पाहणीतून १९९४ मध्ये असे दिसले की, साठीपुढच्या ज्या व्यक्तींचे टीएसएच फार खाली गेलेले असते त्यांच्यात पुढील दहा वर्षांत हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो; हाडे ठिसूळ होण्याची भीती वेगळीच. मात्रा कमी करण्यामागचे कारण असे रास्त होते. मात्र त्या सुधारणेबरोबर रुग्णाच्या सांगण्याला असलेले जुने वजनही गेले, आणि ते जाणे तितकेसे अपरिहार्य नव्हते.

टीएसएच हे अतिशय संवेदनशील माप आहे, यात वाद नाही. रक्तातले मुक्त थायरॉक्सिन निम्म्यावर आले तर टीएसएच दुपटीने नव्हे, कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे ग्रंथीचा दोष पकडण्यासाठी त्याच्याइतके चांगले साधन दुसरे नाही. अहवालाच्या उजव्या स्तंभात छापलेली साधारण ०.४ ते ४.० ही मर्यादा मात्र निरोगी लोकांच्या मोठ्या समूहावरून काढलेली असते, आणि समूहाची मर्यादा म्हणजे व्यक्तीची मर्यादा नव्हे. डेन्मार्कमधील १६ निरोगी पुरुषांचे रक्त वर्षभर दर महिन्याला तपासून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येकाची स्वतःची पातळी समूहाच्या पल्ल्याच्या जवळपास निम्म्या पट्ट्यातच फिरताना दिसली. ज्याचे टीएसएच आजारापूर्वी एकच्या आसपास असे, त्याचा आजचा साडेतीनचा आकडा छापील मर्यादेत बसतो, पण त्याच्या स्वतःच्या शरीराच्या हिशेबात बसेलच असे नाही. या निरीक्षणावरून मर्यादेचे वरचे टोक अडीचपर्यंत खाली आणावे, असा आग्रह काही तज्ज्ञांनी धरला, तर तसे केल्यास धडधाकट माणसांच्या फौजेला रुग्णाचा शिक्का बसेल, असे इतरांनी दाखवून दिले. त्यातच टीएसएच रात्री उशिरा चढते आणि दुपारी उतरते, त्यामुळे एकाच व्यक्तीचा सकाळचा व दुपारचा आकडा वेगळा येणे स्वाभाविक असते.

व्यक्तीची मर्यादा वेगळी असते, तर मात्रा थोडी वाढवून आकडा त्या मर्यादेत आणल्यावर रुग्णाला बरे वाटायला हवे. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये ५६ रुग्णांवर नेमके हेच करून पाहिले गेले: कोणाला कोणती मात्रा चालू आहे हे रुग्णाला कळू न देता तीन वेगवेगळ्या मात्रा आळीपाळीने दिल्या गेल्या. टीएसएच अपेक्षेप्रमाणे हलले. थकवा, मनःस्थिती किंवा रुग्णांची पसंती यांत मात्र फरक सापडला नाही. मात्रा पाव गोळीने इकडेतिकडे करण्यात ज्या फेऱ्या आणि जो पैसा खर्च होतो, त्याकडे पाहता हा अभ्यास आहे त्याहून अधिक परिचित असायला हवा होता.

अधिक गंभीर शंका वेगळी आहे. निरोगी अवटू ग्रंथी मुख्यतः टी४ आणि थोडे टी३ स्रवते. उरलेले टी३ यकृत, स्नायू, मेंदू अशा ऊतींत टी४ मधील आयोडीनचा एक अणू काढून तयार होते. हे काम डीआयोडिनेज नावाची, सेलेनियम असलेली विकरे करतात. विकरे म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. ग्रंथी काढून टाकलेल्या माणसातही टी४ पासून टी३ बनते, हे १९७० मध्ये सिद्ध झाले आणि तेव्हापासून एकट्या टी४ ची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, सर्वत्र पुरेशी मानली गेली. पण १९९५ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी ग्रंथी काढलेल्या उंदरांना निव्वळ टी४ दिले, तेव्हा कोणत्याही एका मात्रेने सर्व ऊतींतील टी३ पूर्ववत होईना. इटलीतील कातानिया येथे ग्रंथी काढलेल्या १,८११ रुग्णांच्या २०११ मधील अभ्यासातही टीएसएच मर्यादेत असूनही वीस टक्क्यांहून अधिक जणांचे टी३ किंवा टी४ मर्यादेबाहेर आढळले. २०१५ मध्ये याचे एक कारण पुढे आले: टी४ जास्त झाले की रूपांतर करणारे विकर इतर ऊतींत लवकर निकामी होते, पण मेंदूचा जो भाग पीयूषिकेला हुकूम देतो तिथे ते टिकून राहते. तळमजल्यावरच्या घरमालकाच्या नळाला पाणी आले म्हणून चौथ्या मजल्यावरही आले असेल, असे धरून चालण्यासारखे हे आहे. उंदरातले निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, तरी रुग्णांची तक्रार शरीरशास्त्राच्या दृष्टीने अशक्य कोटीतली नाही, एवढे या संशोधनाने नक्की केले.

टी४ च्या जोडीला टी३ देण्याची कल्पना यातूनच बळावली. १९९९ मध्ये लिथुआनियातील संशोधकांनी ३३ रुग्णांच्या नेहमीच्या मात्रेतून ५० मायक्रोग्रॅम टी४ काढून त्या जागी १२.५ मायक्रोग्रॅम टी३ दिले आणि मनःस्थिती व स्मरणशक्ती सुधारल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेतील अग्रगण्य नियतकालिकात छापून आल्यामुळे या लेखाची हवा जगभर झाली; त्यातील निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण थायरॉइडच्या कर्करोगाचे होते आणि अशांना मुद्दामच जास्त मात्रा दिली जाते, हा तपशील मात्र मागे पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, नेदरलँड्स, ब्रिटन येथे तशाच चाचण्या झाल्या. ब्रिटनमधील एकीत ६९७ रुग्ण होते. अकरा चाचण्या आणि १,२१६ रुग्ण एकत्र करून २००६ मध्ये केलेल्या विश्लेषणात दोन्ही उपचारांत फरक आढळला नाही.

तरीही प्रकरण मिटले नाही, याला रुग्णांचा हट्ट हे कारण देणे सोपे असले तरी पुरेसे नाही. अॅमस्टरडॅममधील १४१ रुग्णांच्या २००५ मधील चाचणीत प्रश्नावल्यांच्या गुणांत फरक नव्हता, पण कोणती गोळी बरी वाटली असे विचारल्यावर टी३ चे प्रमाण जितके अधिक, तितकी पसंती अधिक, असे उत्तर आले. त्या पसंतीचा संबंध वजन घटण्याशी होता, आणि सर्वाधिक टी३ घेणाऱ्या गटात टीएसएच अनेकांचे फार खाली गेले होते. म्हणजे त्यांतल्या काहींना आवडली ती अतिमात्राच असावी, हा संशय राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी सरसकट सगळे रुग्ण घेतले गेले, त्रास शिल्लक असलेले निवडले गेले नाहीत. दहांतल्या नवांना आधीच बरे वाटत असेल, तर उरलेल्या एकाला झालेला फायदा सरासरीत बुडून जातो. २०२१ मध्ये अमेरिकेत ७५ रुग्णांवर टी४, टी४ अधिक टी३ आणि डुकराच्या ग्रंथीची वाळवलेली पूड असे तिन्ही उपचार आळीपाळीने करून पाहिले, तेव्हा एकूण निष्कर्ष पुन्हा ‘फरक नाही’ असाच निघाला, पण सुरुवातीला ज्यांना सर्वाधिक त्रास होता त्या एक तृतीयांश रुग्णांत टी३ असलेल्या उपचारांनी सुधारणा दिसली. ही पोटगटाची आकडेमोड आहे आणि तिच्यावर इमारत उभी करता येत नाही. मात्र पुढची चाचणी कोणावर व्हावी, हे तीतून स्पष्ट होते.

आनुवंशिकतेच्या दिशेनेही प्रयत्न झाले. रूपांतर करणाऱ्या विकराच्या जनुकातील एक फरक आईवडील दोघांकडून आलेल्या, ब्रिटिश रुग्णांतील सुमारे १६ टक्के लोकांना जोडउपचाराने अधिक बरे वाटले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतरच्या अभ्यासांत त्याला एकमुखी दुजोरा मिळाला नाही. ब्रिटनमध्ये या शास्त्रीय वादात बाजारानेही हात घातला. टी३ च्या गोळ्यांच्या पाकिटाची २००९ मधील २० पौंडांची किंमत २०१७ पर्यंत २४८ पौंडांवर गेली आणि तेथील स्पर्धाविषयक प्राधिकरणाने २०२१ मध्ये संबंधित कंपन्यांना दहा कोटी पौंडांहून अधिक दंड ठोठावला. दरम्यान सरकारी आरोग्यसेवेत कित्येकांचे टी३ खर्चापायी अडले, आणि औषध शास्त्रीय कारणाने नाकारले की पैशाच्या, हे रुग्णाला उमगेनासे झाले.

ग्रंथीत दोष नसलेल्या दुसऱ्या गटाची गोष्ट तुलनेने थोडक्यात सांगता येते. अमेरिकेतील ब्रोडा बार्न्स यांनी १९७० च्या दशकात काखेतले सकाळचे तापमान कमी असेल तर रक्त काहीही सांगो, रोग थायरॉइडचाच, असा सिद्धांत मांडला आणि तो आजही लोकप्रिय आहे. त्याची कसोटी ग्लासगो येथे लागली. लक्षणे असलेल्या पण आकडे मर्यादेत असलेल्या २५ जणांना आणि १९ निरोगी व्यक्तींना काही आठवडे थायरॉक्सिन व काही आठवडे तशीच दिसणारी निरौषध गोळी देऊन २००१ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की, लक्षणे असलेल्यांना दोन्ही गोळ्यांनी सारखेच बरे वाटले आणि निरोगी गटात थायरॉक्सिनच्या काळात उत्साहाचे गुण उलट खाली आले. चाचणी लहान होती, पण तिचा कौल दुर्लक्षिण्याजोगा नाही. टीएसएच किंचित चढलेल्या पण टी४ मर्यादेत असलेल्या ६५ वर्षांवरील ७३७ युरोपीय रुग्णांच्या २०१७ मधील मोठ्या चाचणीतही थायरॉक्सिनने थकवा वा इतर लक्षणे कमी झाली नाहीत. कारण उघड आहे: थकवा, वजन आणि केस या तक्रारी थायरॉइडपुरत्या राखीव नाहीत.

या दोन गटांच्या मधोमध तिसरा आहे. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींत लसिका पेशींची दाटी वर्णन केली; शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते अशा या विकारात रक्तात टीपीओ प्रतिपिंडे सापडतात. आठ शहरांच्या वर सांगितलेल्या भारतीय पाहणीत ती जवळपास २२ टक्के लोकांत होती. उपचाराने टीएसएच जागेवर आले तरी दाह चालूच राहतो, आणि थकव्याचे मूळ त्या दाहात असू शकेल, असा तर्क आहे. नॉर्वेत प्रतिपिंडांची पातळी हजाराच्या वर आणि तक्रारी कायम असलेल्या १५० रुग्णांपैकी निम्म्यांची ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढली गेली. २०१९ मधील अहवालानुसार त्यांच्यात दीर्घकालीन थकव्याचे प्रमाण ८२ वरून ३५ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया झाली हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा वाटा किती हे यातून वेगळे काढता येत नाही, आणि सुमारे सातांतल्या एकाला शस्त्रक्रियेपासून काही ना काही गुंतागुंत झाली. यावरून सर्रास गळ्यावर सुरी चालवणे गैर होईल, पण प्रतिपिंडांना निव्वळ खूण मानण्याच्या सवयीला या चाचणीने धक्का दिला आहे.

काही वेळा अहवालच दिशाभूल करतो. केस गळतात म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते. अनेक प्रयोगशाळांच्या तपासणीपद्धतीत बायोटिन हाच रासायनिक दुवा वापरलेला असल्यामुळे रक्तातील जादा बायोटिनने टीएसएच खोटे कमी आणि टी४ खोटे जास्त दिसते. ज्या केसगळतीसाठी थायरॉइडची तपासणी केली, तिच्यावरच्या घरगुती उपायाने तपासणीच खोटी पडावी, असा हा प्रकार असून, किमान दोन दिवस गोळी थांबवून रक्त दिले की तो टळतो. याहून घातक चूक पीयूषिकेच्या विकारात होते. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये वर्णिलेल्या अवस्थेत बाळंतपणातील मोठ्या रक्तस्रावाने पीयूषिका सुकते, आणि काश्मीर खोऱ्यातील २००५ मधील पाहणीत वीस वर्षांवरील बाळंतीण झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांत ती आढळली. बाळाला दूध आले नाही, पाळी परतली नाही आणि थकवा वर्षानुवर्षे हटत नाही अशा स्त्रीचे टीएसएच मर्यादेत असते, कारण ते चढवणारी ग्रंथीच मोडलेली असते. तिचे टी४ मोजल्याशिवाय दोष कळत नाही. केवळ टीएसएच पाहणाऱ्या स्वस्त तपासणीत ती निसटते, आणि दोष कळल्यावरही, पीयूषिका सुकल्याने पडलेली कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकाची उणीव आधी भरून न काढता थायरॉक्सिन सुरू केले, तर जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्राच्या संदर्भात मात्र टी३ च्या वादाआधी पाहण्याजोग्या गोष्टी पुष्कळ साध्या आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, गोव्यात ३९ टक्के. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण व शहरी भागांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीतून २००६ मध्ये दाखवले की ६७ टक्के जणांत ब१२ जीवनसत्त्व कमी होते. दोन्ही उणिवांत थकवा येतो, ब१२ च्या उणिवेत हातापायांना मुंग्या व विसरही; शिवाय ज्या प्रतिकारदोषाने थायरॉइड निकामी होते, त्याच्या जोडीने जठरातून ब१२ शोषले न जाण्याचा विकारही अधिक आढळतो. घोरणाऱ्या माणसाचा झोपेत श्वास अडकणे, पाळी जाण्याच्या सुमाराचे बदल आणि नैराश्य ही कारणे तितकीच नेहमीची. ती शोधण्याऐवजी घरोघरी कोबी-फ्लॉवर वर्ज्य होतो, जे आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या आणि संप्रेरक गोळीतूनच मिळणाऱ्या रुग्णाला निरर्थक आहे. गोळी उपाशीपोटी, चहा, कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांपासून दूर घ्यावी हे पथ्य मात्र खरे आहे. पण ते पाळले न गेल्यास टीएसएच चढून तसे कळते, म्हणून टीएसएच महिनोन्महिने जागेवर असलेल्या रुग्णाच्या थकव्याचा दोष चहाच्या वेळेवर ढकलण्यात अर्थ नसतो.

एवढे सारे तपासूनही तक्रार उरलेल्या रुग्णापुरती, २०१२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने जोडउपचाराची वाट प्रयोग म्हणून उघडी ठेवली: टी४ व टी३ यांचे वजनी प्रमाण १३:१ ते २०:१, तज्ज्ञाची देखरेख आणि तीन महिन्यांत फरक न पडल्यास माघार. अमेरिकी, ब्रिटिश व युरोपीय संघटनांनी २०२१ मध्ये एकत्र येऊन, यापुढील चाचण्या असमाधानी रुग्णांवरच व्हाव्यात, असे ठरवले. टी४ चे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे, तर टी३ चे जेमतेम एका दिवसाचे असल्याने टी३ ची मात्रा दिवसातून दोनदा विभागून द्यावी लागते आणि तरीही रक्तातील पातळी गोळीनंतर चढते व पुन्हा घसरते. हृदयाची लय बिघडलेल्यांना त्यामुळे हा उपचार देत नाहीत. गर्भवतीलाही तो वर्ज्य आहे, कारण गर्भाचा मेंदू आपले टी३ मुख्यतः आईच्या टी४ पासूनच बनवतो, आणि म्हणून जोडउपचार घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हाच पुन्हा एकट्या टी४ वर यावे लागते.